महाधमनीचं जन्मजात अरुंदपण आणि मणक्यातला रक्तस्राव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, धाराशिव या पट्ट्यात शाळाशाळांतून मुलं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात आणि पुढे दवाखान्यात आईवडिलांनी, शिक्षकांनी, आशाताईंनी जे प्रश्न विचारले ते इथे एकत्र केले आहेत. हा आजार दुर्मीळ आहे आणि त्यातून होणारा मणक्यातला रक्तस्राव तर फारच दुर्मीळ. तरीही सविस्तर लिहिते आहे. ज्या दोषामुळे तो होतो तो जांघेत दोन बोटं ठेवून ओळखू येतो, आणि नेमकी तीच दोन बोटं ठेवायची राहून जातात.

महाधमनी अरुंद असते म्हणजे काय?

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती आधी वर चढते, डोक्याला आणि दोन्ही हातांना फाटे देते, मग कमानीसारखी वळून कण्याच्या कडेने खाली पोटाकडे उतरते. डाव्या हाताचा फाटा फुटल्यानंतर लगेचच एक जागा येते. बाळ पोटात असताना एक तात्पुरती नळी तिथे महाधमनीला मिळत असते. काही बाळांची महाधमनी नेमकी तिथेच जन्मतः आवळलेली असते, पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तशी. याला कोआर्क्टेशन म्हणतात. डॉक्टर आपसात बोलताना नुसतं 'कोआर्क' म्हणतात.

दर १०,००० जन्मांमागे साधारण ३ ते ४ बाळांत हा दोष असतो. हृदयाच्या सगळ्या जन्मजात दोषांत याचा वाटा ५ ते ८ टक्के. मुलींपेक्षा मुलांत जास्त, पण टर्नर सिंड्रोम (जन्मतः एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) असलेल्या मुलींत तो मुद्दाम शोधावा लागतो. बऱ्याच जणांच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. दोष नवा नाही: इटलीतल्या मोर्गान्यी यांनी १७६० मध्ये शवविच्छेदनात तो पाहिला होता.

दोष छातीतला, मग रक्तस्राव मणक्यात कसा होतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो बरोबरच आहे. मी कालव्याचं उदाहरण देते, कारण आपल्याकडे पाण्याच्या पाळीचं गणित सगळ्यांना कळतं. मुख्य कालव्याचं गेट मधेच अडकलं आणि जेमतेम वीतभर उघडं राहिलं, तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, काठोकाठ चढतं. खालच्या शेताला पाणी पोचत नाही. मग ते आजूबाजूच्या चाऱ्यांतून वाट काढून, वळसा घालून, गेटच्या खाली पुन्हा कालव्याला येऊन मिळतं. ज्या चारीतून पूर्वी दोन वाफे भिजायचे, तिच्यातून आता अख्ख्या शिवाराचं पाणी वाहू लागतं. चारी रुंदावते, तिचे काठ झिजतात आणि एखाद्या दिवशी भगदाड पडतं.

शरीरात तसंच होतं. आवळलेल्या जागेच्या वर रक्तदाब वाढतो आणि खाली कमी राहतो. खालच्या अंगाला रक्त पोचवण्यासाठी छातीच्या आतल्या बाजूच्या, खांद्याच्या पात्याभोवतीच्या आणि बरगड्यांखालच्या धमन्या फुगून मोठ्या होतात. बरगड्यांखालच्या धमन्या वर्षानुवर्षं नागमोडी फुगत राहिल्या की हाडालाही खाचा पडतात आणि त्या साध्या एक्स-रेत दिसतात. मात्र त्या पडायला काही वर्षं जातात, म्हणून तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत त्या शोधू नयेत.

यातलीच एक आडवाट मज्जारज्जूवरून जाते. मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूने वरून खालपर्यंत एक बारीक धमनी उतरते. तिला मानेतल्या धमन्यांकडून रक्त मिळतं आणि वाटेत बरगड्यांखालच्या धमन्यांचे छोटे फाटे तिला येऊन मिळतात. कोआर्क असलेल्या काही माणसांत रक्त मानेकडून या बारीक धमनीत येतं आणि तिथून उलट्या दिशेने, त्याच फाट्यांतून, खाली महाधमनीत जातं. सुतळीएवढ्या नळीवर दोराएवढं काम पडतं. ती फुगते, वेडीवाकडी होते, कधी तिच्यावर फुग्यासारखा उंचवटा येतो. त्यात वरचा दाब चढलेला. फुटली की रक्त थेट मणक्याच्या पोकळीत.

कधी ती फुटतही नाही. नुसत्या फुगलेल्या वाहिन्यांनीच मज्जारज्जू दाबला जातो आणि पाय हळूहळू, महिन्यामहिन्याने, अशक्त होत जातात.

रक्त नेमकं कुठे साचतं?

मज्जारज्जूभोवती जाड आवरण असतं. त्याच्या बाहेर रक्त साचलं तर गाठीसारखा गोळा होऊन मज्जारज्जू दाबला जातो. आवरणाच्या आत, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात रक्त मिसळलं तर ते पाण्याबरोबर मेंदूपर्यंत पसरतं. म्हणून अशा रुग्णाचं डोकंही दुखतं आणि मान ताठते. तिसरा प्रकार म्हणजे खुद्द मज्जारज्जूच्या आत रक्तस्राव. तो सगळ्यात वाईट.

हे किती जणांना होतं? घाबरायचं का?

टक्केवारी सांगावी इतकेही रुग्ण नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांत एकेका रुग्णाची हकिकत छापून येते, इतकं हे विरळ आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात होणाऱ्या रक्तस्रावांपैकी मणक्यात उगम असलेले १ टक्क्याहूनही कमी, आणि त्यातही कोआर्कमुळे झालेले मोजकेच. कोआर्कच्या रुग्णाला याहून मोठा धोका मेंदूतल्या धमनीवरच्या फुग्याचा असतो. कोआर्क असलेल्या मोठ्या माणसांपैकी दहातल्या एकाच्या मेंदूत असा फुगा सापडतो.

म्हणून प्रत्येक पाठदुखीला घाबरू नका. पण आपल्या माणसाला कोआर्क आहे हे माहीत असेल, किंवा तरुण वयात बीपी खूप वाढलेलं असेल, तर पुढचं उत्तर नीट वाचा.

लक्षणं कोणती? साधी उसण आणि हे यातला फरक कसा ओळखायचा?

एक प्रसंग सांगते. ज्वारीची काढणी चालू होती. तेविशीतला पोरगा वाकला असताना त्याच्या पाठीत, दोन्ही पात्यांच्या मधे, कुणीतरी सुरा खुपसावा अशी कळ आली. घरच्यांना वाटलं उसण भरली. शेजारच्या वस्तीवरून पायाळू माणसाला बोलावलं आणि त्याने रिवाजाप्रमाणे पाठीला तीनदा पाय लावला. मग गावातल्या दवाखान्यात कंबरेत दुखण्याचं इंजेक्शन झालं. संध्याकाळी तो घराकडे चालत निघाला आणि त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. ती निसटल्याचं त्याला कळलंच नाही; मागून येणाऱ्या बहिणीने उचलली. रात्री लघवी तुंबली, पहाटे दोन्ही पाय उचलेनात.

दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये मणक्याच्या पोकळीत रक्त दिसलं. हातातलं बीपी १९० च्या वर होतं आणि जांघेतली नाडी जेमतेम लागत होती. त्याच्या आईने मला सांगितलं, दहावीपासून याचं डोकं दुखायचं, घोळणा फुटायचा, आणि दर वेळी ऊन लागलं, पित्त झालं असं म्हणून गोळ्या मिळायच्या. बीपीचा पट्टा त्याच्या दंडाला त्या दिवसापर्यंत कुणीच बांधला नव्हता. रक्तस्राव पायाळू माणसामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण त्यात आणि इंजेक्शनात अख्खा दिवस गेला. तो दिवस परत मिळत नाही.

उसणीत एका ठिकाणी धरतं, हालचाल केली की दुखतं आणि विशिष्ट स्थितीत पडून राहिलं की बरं वाटतं. पायातलं बळ शाबूत असतं. रक्तस्रावात कळ क्षणात येते, पहिल्या झटक्यातच सगळ्यात जास्त असते, पडून राहिल्यानेही थांबत नाही; ती बरगड्यांभोवती पट्ट्यासारखी फिरते किंवा पायात उतरते. मग काही मिनिटांत किंवा तासांत मुंग्या येतात, पाय जड पडतो, चप्पल निसटलेली कळत नाही, छातीच्या किंवा पोटाच्या ठरावीक रेषेखाली स्पर्श बोथट होतो, लघवी तुंबते. कुणाचं डोकं प्रचंड दुखतं, उलटी होते, मान वळत नाही. अचानक कळ आणि पायातलं बळ जाणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की उसण म्हणायचं नाही.

अशा वेळी घरी काय करायचं?

माणसाला सपाट आडवं करा आणि १०८ ला फोन लावा. पाठ चोळू नका, तुडवू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, पाय लावून घेऊ नका. मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून देऊ नका. त्यातल्या अनेक गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. रक्त पातळ करणारं औषध आधीच चालू असेल तर त्याचं पाकीट बरोबर घ्या. कळ कधी सुरू झाली आणि पाय कधी जड पडला, या दोन वेळा कागदावर लिहून ठेवा. सर्जन हे पहिलं विचारतो. आणि माणसाला कोआर्क असल्याचं माहीत असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. पाठीच्या दुखण्याचा छातीच्या आजाराशी संबंध असेल असं समोरच्या डॉक्टरच्या डोक्यात सहसा येत नाही.

कुठे न्यायचं?

जिथे एमआरआय आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, मोठ्या शहरांत खासगीही आहेत. निघण्याआधी किंवा वाटेतून फोन करून विचारा: एमआरआय आत्ता चालू आहे का, न्यूरोसर्जन येतील का. परळीहून निघून एका गावात तीन तास, मग दुसऱ्या गावात चार तास, असं झालेलं मी पाहिलं आहे. मज्जारज्जूवर बाहेरून दाब आला असेल तर पहिल्या बारा तासांत तो मोकळा केल्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो.

दोष आधीच ओळखता येत नाही का?

येतो, आणि हे पान त्यासाठीच आहे.

तान्ह्या बाळात आवळण फार असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच, ती तात्पुरती नळी बंद होत आली की, बाळ दूध ओढत नाही, घामाघूम होतं, धाप लागते, पाय गार पडतात. ती आणीबाणी असते. नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं औषध चालू करून बाळाला हृदयाच्या केंद्रात हलवावं लागतं.

आवळण मध्यम असेल तर मूल वरवर चांगलं वाढतं. खेळतं, शाळेत जातं. पण धावल्यावर पोटऱ्या भरून येतात, पाय गार असतात, डोकं दुखतं, घोळणा फुटतो. घोळणा फुटला की आपल्याकडे कांदा हुंगवतात आणि डोक्यावर पाणी मारतात. मारा, पण महिन्यात दोन-तीनदा फुटत असेल तर बीपीही मोजून घ्या.

एका आश्रमशाळेत नववीच्या वर्गात तपासणी चालली होती. खांदे भरलेला, पाय काडीसारखे, असा एक मुलगा बाकावर बसला. उजव्या हातात बीपी १६८. वाटलं पट्टा लहान पडला असेल, मोठा लावला, तरी १६४. त्याला सतरंजीवर आडवं केलं, एका हाताची बोटं मनगटावर, दुसऱ्या हाताची जांघेत. मनगटावर नाडी टणटणीत उडत होती. जांघेत आधी काहीच नाही. बोटं थोडी सरकवून, श्वास रोखून थांबले, तेव्हा एक मऊ, उशिरा येणारी लहर लागली. मनगटातला ठोका पडून गेल्यावर ती येत होती. स्टेथोस्कोप पाठीला, दोन पात्यांच्या मधे लावला तर तिथेही फुसफुस ऐकू आली. पुढे टूडी इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) आणि सीटी अँजिओने (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनने) कोआर्क नक्की झालं. सगळी तपासणी मिळून पाच मिनिटं लागली असतील.

पायातलं बीपी कसं मोजतात?

आडवं झोपवून. आधी उजव्या दंडात, मग मांडीला मोठा पट्टा बांधून गुडघ्यामागे. मोठा पट्टा नसेल तर पोटरीला दंडाचा पट्टा बांधून घोट्याजवळची नाडी बोटाने पाहत वरचा आकडा घेता येतो. उजवाच हात घ्यायचा, कारण डाव्या हाताचा फाटा कधीकधी आवळणीतच सापडतो.

निरोगी माणसात पायातला वरचा आकडा हाताइतका किंवा थोडा जास्त असतो. पायात तो हातापेक्षा २० किंवा त्याहून जास्त कमी आला तर हृदयतज्ज्ञाकडे पाठवायचं. एक गोष्ट डॉक्टर मित्रांसाठी: आडवाटा चांगल्या फुगल्या असतील तर हा फरक कमी दिसतो, आणि नेमक्या अशाच रुग्णात मणक्यातल्या वाहिन्यांवर ताण असू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर थांबू नका. मनगट आणि जांघ एकाच वेळी धरून उशीर होतो का ते बघा.

मणक्यात रक्तस्राव झालाच तर रुग्णालयात काय करतात?

आधी एमआरआय. मग छातीची सीटी अँजिओ, म्हणजे आवळण आणि आडवाटा दोन्ही दिसतात. मणक्यातल्या धमन्यांची अँजिओग्राफी लागली तर नेहमीसारखी जांघेतून नळी घालून वर जाणं आवळणीमुळे अवघड होतं. मग हातातून जातात.

रक्ताच्या गोळ्याने मज्जारज्जू दाबला असेल तर मणक्याचं मागचं हाड काढून तो मोकळा करतात. इथे शस्त्रक्रियेत रक्त जास्त जाऊ शकतं, कारण पाठीच्या स्नायूंतल्या वाहिन्याही फुगलेल्या असतात. कोआर्क आहे हे आधी माहीत असण्याचा इथे मोठा उपयोग होतो. बीपी उतरवणं गरजेचं असतं, पण एकदम नाही. हातातलं १९० बघून घाईने खाली आणलं तर आवळणीच्या खाली आधीच कमी असलेला दाब आणखी उतरतो आणि मज्जारज्जूच्या खालच्या भागाचं रक्तच तुटतं. म्हणून आयसीयूत, हळूहळू.

माणूस स्थिरावला की मूळ आवळण काढायची. ती निघाली की आडवाटांवरचा भार उतरतो आणि मणक्यातल्या धमन्या बारीक होऊ लागतात. धमनीवरचा फुगा तरीही राहिला तर तो वेगळा बंद करावा लागतो. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे न्यूरोसर्जन आणि हृदयतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं.

मूळ दोषाचा इलाज काय? ऑपरेशननेच पाय जातात असं ऐकलं.

पहिलं ऑपरेशन स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९४४ मध्ये केलं. लहान बाळात आजही आवळलेला तुकडा कापून दोन टोकं जोडतात. मोठ्या मुलांत आणि मोठ्या माणसांत बहुधा जांघेतून नळी घालून तिच्या टोकावरच्या फुग्याने आवळलेली जागा रुंद करतात आणि स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवतात. छाती उघडावी लागत नाही.

पाय जाण्याची भीती पूर्ण खोटी नाही. शस्त्रक्रियेत महाधमनी थोडा वेळ चिमट्याने बंद ठेवावी लागते आणि तेवढ्यात मज्जारज्जूला रक्त कमी पडू शकतं. जुन्या मोठ्या नोंदींत हे प्रमाण हजारात सुमारे ४ होतं. याच्या समोर दुसरा आकडा ठेवा: इलाजाआधीच्या काळात कोआर्कचे रुग्ण सरासरी पस्तिशीच्या आसपास जात, आणि चारातले तीन सेहेचाळीस वर्षांच्या आत. हृदय थकणं, महाधमनी फुटणं, झडपेला जंतुसंसर्ग आणि मेंदूतला रक्तस्राव ही त्याची कारणं. मी तरी कुणाला 'थांबून बघू' असा सल्ला देणार नाही.

इलाजानंतरही दर वर्षी दाखवायला जायचं, आयुष्यभर. बीपी पुन्हा वाढू शकतं, जागा पुन्हा आवळू शकते.

खर्च कसा भागवायचा?

० ते १८ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ पासून त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांच्याकडून चिठ्ठी मिळाली की हृदयाच्या जन्मजात दोषाचा इलाज मोफत होतो. मोठ्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, पैसे भरण्याआधी.

एक दुखरी गोष्ट. दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मुलंही कोयत्याबरोबर निघतात. पथक शाळेत येतं तेव्हा नेमकी तीच मुलं हजेरीत नसतात. गुरुजी, मॅडम, अशा मुलांची नावं वेगळी लिहून ठेवा आणि ती परत आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.

कोआर्क असलेल्याने जड काम केलं तर चालेल का?

इलाज होईपर्यंत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, खताची गोणी उचलणं, कुस्ती, व्यायामशाळेतली वजनं, या सगळ्यांत दम रोखून जोर लावावा लागतो आणि बीपी क्षणात उसळतं. चालणं, सायकल, हलकं शेतकाम चालतं. इलाजानंतर काय चालेल ते बीपी आणि स्कॅन पाहून डॉक्टर सांगतील.

गरोदर बाईला कोआर्क असेल तर?

शक्यतो आधी इलाज, मग गरोदरपण. दिवस गेल्यावरच कळलं तर हृदयतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोठ्या रुग्णालयात बाळंतपण. भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. पाठीत सुई देण्याआधी मणक्यातल्या वाहिन्या फुगल्या आहेत का हे त्यांना बघावं लागतं. आशाताईंनो, पहिल्या तीन महिन्यांतच बीपी वाढलेलं दिसलं तर त्या बाईच्या पायातलंही मोजायला सांगा.

ग्रहणात काही चिरलं, नात्यात लग्न केलं, म्हणून झालं का?

ग्रहणाचा काही संबंध नाही. नात्यातल्या लग्नांत हृदयाच्या जन्मजात दोषांचं एकूण प्रमाण वाढतं, पण कोआर्क असलेली बहुतेक मुलं नात्याबाहेरच्या लग्नांतलीच असतात. सुनेला बोल लावू नका. आईला किंवा बापाला कोआर्क असेल तर पुढच्या गरोदरपणात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

पाय परत चालतील का?

दाब किती लवकर निघाला आणि निघाला तेव्हा पायात किती बळ शिल्लक होतं, यावर ते ठरतं. बोटं थोडी जरी हलत असतील तर आशा चांगली. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण पुढेही होत राहते. रोजचा व्यायाम, दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची नळी स्वच्छ ठेवणं ही कामं घरच्यांनाच करावी लागतात आणि त्यांवरच बरंच अवलंबून असतं.

ज्वारीच्या रानातल्या त्या पोराला वॉकर धरून उभं राहायला सात महिने लागले. आता तो काठी टेकत बांधापर्यंत जातो. डाव्या पायाला अजून स्पर्श नीट कळत नाही, म्हणून त्याच्या बहिणीने त्या चपलेला मागून पट्टा शिवून दिला आहे.